कॉम्प्युटिंग एज्युकेशनच्या कॉन्फरन्सला पोस्टर पाठवताय? आधी क्रम नीट लावा

दरवर्षी ऑक्टोबरात, टर्मवर्कच्या सह्यांची गडबड ऐन रंगात असताना, कुणाचा तरी फोन येतो. "सर, उद्या डेडलाइन आहे, पोस्टरचं प्रपोजल जरा बघता का?" फाइल उघडावी तर पहिला परिच्छेद आजच्या डिजिटल युगात प्रोग्रॅमिंगचं महत्त्व किती यावर, दुसरा कॉलेजच्या वाटचालीवर. नेमकं काय केलं, कुणावर केलं, काय सापडलं ते तिसऱ्या पानावर. आणि मर्यादा दोन पानांची! काम वाईट नसतं, बहुतेक वेळा चांगलंच असतं. पण टेम्प्लेट आधी उघडलेलं असतं आणि प्रश्न सगळ्यात शेवटी सुचलेला असतो.

खालचा क्रम एसीएमच्या, म्हणजे असोसिएशन फॉर कॉम्प्युटिंग मशिनरी या कॉम्प्युटिंगमधल्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या, कॉन्फरन्स डोळ्यांसमोर ठेवून लिहिला आहे: अमेरिकेत साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये भरणारं सिगसीएसई टेक्निकल सिम्पोझियम, बहुतेक वेळा युरोपात जून-जुलैच्या सुमारास होणारी आयटीआयसीएसई आणि आपल्याकडची एसीएम इंडियाची कॉम्प्युट. पानांची मर्यादा, तारखा, प्रपोजल तपासणाऱ्या रिव्ह्यूअरपासून लेखकाचं नाव झाकायचं की नाही, हे दरवर्षी बदलू शकतं. त्यामुळे त्या वर्षीचं 'कॉल फॉर पोस्टर्स', म्हणजे आयोजकांचं पोस्टर मागवणारं निवेदन, प्रिंट काढून शेजारी ठेवा. गेल्या वर्षी सहकाऱ्याने काय केलं होतं, त्यावर जाऊ नका.

१. हे काम पोस्टरचंच आहे का?

पोस्टर म्हणजे नाकारलेला पेपर कापून छोटा केलेला नव्हे. कॉन्फरन्समध्ये ते बोर्डावर लावायचं आणि पुढे थांबणाऱ्यांशी त्यावर बोलायचं. पोस्टर अर्ध्या वाटेवरच्या कामासाठी असतं. एका सत्रात एक प्रयोग केला, काहीतरी हाती लागलं, पुढच्या सत्रात मोठ्या प्रमाणावर करायचंय आणि त्याआधी जाणकारांना दाखवायचंय, असं काम इथे शोभतं. तीन वर्षांचा पुरता डेटा असेल तर पेपर लिहा. नुसतं सॉफ्टवेअर दाखवायचं असेल तर डेमोचा ट्रॅक, म्हणजे वेगळा विभाग, आहे का ते बघा.

विद्यार्थ्यांचा एक घोळ इथेच होतो. एसीएमची स्टुडंट रिसर्च कॉम्पिटिशन हा वेगळा प्रकार आहे. तिथेही पोस्टरच लावायचं असतं, पण ती स्पर्धा आहे. एसीएमचं विद्यार्थी सदस्यत्व लागतं, पदवी आणि पदव्युत्तर असे दोन गट असतात. बीईच्या मुलांनी प्रोजेक्ट गाइडच्या नावासकट साध्या पोस्टर ट्रॅकला पाठवायचं की स्पर्धेला, हे पहिल्याच दिवशी ठरवा. नंतर ट्रॅक बदलणं जिकिरीचं होतं.

२. तारीख आपल्या घड्याळात लावून घ्या

कॉलमध्ये तारखेपुढे बहुधा 'एओई' लिहिलेलं असतं: एनिव्हेअर ऑन अर्थ. म्हणजे पृथ्वीवर कुठेतरी ती तारीख चालू आहे तोवर वेळ आहे. ही वेळ जागतिक प्रमाणवेळेच्या बारा तास मागे, आपण साडेपाच तास पुढे. फरक साडेसतरा तासांचा. समजा डेडलाइन १० ऑक्टोबर एओई आहे, तर आपल्याकडे ती ११ ऑक्टोबरच्या संध्याकाळी ५ वाजून २९ मिनिटांनी संपते. हे माहीत नसलेले लोक दहा तारखेच्या रात्री उगाच जागतात. अर्धवट माहीत असलेले अकरा तारखेच्या रात्री बारापर्यंत वेळ आहे असं धरून बसतात आणि हुकतात.

त्या तारखेपासून मागे सहा आठवडे मोजा. पहिले दोन प्रश्न आणि आधीचं काम शोधायला, पुढचे दोन लिहायला, पाचवा दुसऱ्या कुणाला वाचायला द्यायला, सहावा राखीव. राखीव आठवडा हवाच, कारण ऑक्टोबरात दसरा असतो, ओरल-प्रॅक्टिकल असतात, आणि ज्या सहलेखकाची सही किंवा माहिती हवी तो नेमका गावी गेलेला असतो.

तपासा: पेपरची डेडलाइन आणि पोस्टरची डेडलाइन वेगळी असते. एकाच पानावर दोन्ही असतात आणि घाईत वरची वाचली जाते.

३. डेटा गोळा करण्याआधी परवानगी

हा टप्पा सगळे शेवटी आठवतात, आणि तेव्हा उपाय उरत नाही. विद्यार्थ्यांचे मार्क, उत्तरं, मुलाखती हा माणसांवरचा अभ्यास धरला जातो. एसीएमचं याबद्दल २०२१ पासून स्वतंत्र धोरण आहे. कॉलेजात एथिक्स कमिटी असेल तर तिच्याकडे अर्ज करा. नसेल तर काय मोजणार, कुणाचं, नावं कशी काढून टाकणार हे एका पानावर लिहून प्राचार्यांची लेखी परवानगी प्रयोग सुरू होण्याआधीच्या तारखेने घ्या. आणि कमिटी नसल्याचं प्रपोजलमध्ये सरळ लिहा. लपवण्यासारखं त्यात काही नाही.

विद्यार्थ्यांची संमती घेताना एक गोष्ट सांभाळा. टर्मवर्कचे मार्क ज्याच्या हातात, त्यानेच संमतीचा कागद पुढे केला तर 'नाही' कोण म्हणणार? म्हणून कागद दुसऱ्या शिक्षकाने वाटावेत, त्यानेच जमा करावेत आणि मार्क लागेपर्यंत त्याच्याच कपाटात ठेवावेत.

सावध: तंत्रनिकेतनाच्या पहिल्या वर्षाची मुलं दहावी होऊन आलेली असतात, म्हणजे पंधरा-सोळा वर्षांची. अकरावी-बारावीचंही तेच. अठराच्या आतल्या मुलांसाठी पालकांची संमती लागते. हे ध्यानात न घेता वर्षभराचा डेटा गोळा करून बसलेले डिप्लोमाचे शिक्षक मी पाहिले आहेत.

४. प्रश्न एका ओळीत लिहा

सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा. एक उदाहरण घेऊ. समजा तुम्ही इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला सी ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकवता. लॅबमध्ये वीस-वीसच्या तीन बॅच. बरीच मुलं मराठी माध्यमातली, कोऱ्या स्क्रीनपुढे बसली की हात चालत नाही. म्हणून तुम्ही पार्सन्स प्रॉब्लेम दिले. त्यात प्रोग्रॅमच्या ओळी उलटसुलट करून देतात आणि मुलांनी त्या योग्य क्रमाने लावायच्या असतात. सूचना तुम्ही मराठीत लिहिल्या.

पहिल्या झटक्यात प्रश्न असा लिहिला जातो: 'पार्सन्स प्रॉब्लेमचा विद्यार्थ्यांच्या शिक्षणावर होणारा परिणाम.' हा प्रश्नच नाही, नुसतं शीर्षक आहे.

दुसऱ्या खेपेला: 'पार्सन्स प्रॉब्लेममुळे विद्यार्थी प्रोग्रॅमिंग चांगलं शिकतात का?' प्रश्नचिन्ह आलं, पण 'चांगलं' म्हणजे काय, आणि कशाच्या तुलनेत?

तिसऱ्या खेपेला: 'लूपच्या तीन लॅबमध्ये सूचना मराठीत दिल्या, तर मराठी माध्यमातून आलेली मुलं ओळी लावताना कमी वेळा अडतात का, आणि नंतर तोच प्रोग्रॅम कोऱ्या पानावर लिहिताना तो फरक टिकतो का?' आता कुणावर, कशात, काय मोजायचं सगळं आलं. मुख्य म्हणजे उत्तर 'नाही' येऊ शकतं. ज्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' येऊच शकत नाही, तो टाकून द्या.

तपासा: ही ओळ दुसऱ्या विभागातल्या, मेकॅनिकलच्या म्हणा, सहकाऱ्याला वाचून दाखवा. तुम्ही काय मोजणार आहात ते त्याला सांगता आलं तर पुढे चला.

५. आधी कुणी काय केलंय

पोस्टरला वीस संदर्भ नकोत, जागाही नसते. तीन-चार पुरतात, पण नेमके हवेत. पार्सन्स प्रॉब्लेमवर लिहिताय तर डेल पार्सन्स आणि पॅट्रिशिया हेडन यांचा २००६ चा मूळ पेपर हवाच. त्यानंतर मातृभाषेतून प्रोग्रॅमिंग शिकवण्यावरचं अलीकडचं एखादं काम, आणि ज्या कॉन्फरन्सला पाठवताय तिथलं गेल्या दोन-तीन वर्षांतलं एक. एसीएमची डिजिटल लायब्ररी २०२६ च्या जानेवारीपासून ओपन अ‍ॅक्सेस झाली आहे, तेव्हा 'आमच्याकडे सबस्क्रिप्शन नाही' ही सबब आता गेली. तिथे त्याच कॉन्फरन्सची जुनी पोस्टर अ‍ॅब्स्ट्रॅक्टसुद्धा, म्हणजे त्यांचे सारांश, सापडतात. पाच-सहा वाचा. टेम्प्लेटची जुळवाजुळव करत बसण्यापेक्षा त्याने जास्त कळेल.

६. दोन पानं: कुठून सुरुवात करायची

प्रपोजल इंग्रजीत लिहायचं असतं, पण विचार कुठल्याही भाषेत करा. लिहिण्याचा क्रम आणि छापण्याचा क्रम एकच ठेवायची गरज नाही. मी आधी 'काय केलं' लिहितो, मग 'काय दिसलं', मग 'अजून काय कळलं नाही', मग प्रश्न आणि आधीचं काम. प्रस्तावना सर्वांत शेवटी, तीन-चार ओळी.

'काय केलं' मध्ये आकडे आणि माणसं हवीत. 'विद्यार्थ्यांना सराव देण्यात आला' याने काहीच कळत नाही. किती विद्यार्थी, किती लॅब, प्रत्येक लॅब किती मिनिटांची, कागदावर की कॉम्प्युटरवर, शिकवलं कुणी? सकाळची बॅच तुम्ही घेतली आणि दुपारची सहकाऱ्याने, तर तेही लिहा. रिव्ह्यूअरला ते दिसणारच आहे. तुम्ही आधी सांगितलंत तर तो मान डोलावतो, नाहीतर तीच कॉमेंट होऊन परत येते.

'काय दिसलं' मध्ये आपल्याकडची ठरलेली चूक म्हणजे गूगल फॉर्म. सत्राच्या शेवटी फॉर्म पाठवायचा, त्यात रोल नंबर सक्तीचा, आणि प्रपोजलमध्ये अभिमानाने लिहायचं की नव्वद टक्क्यांहून जास्त विद्यार्थ्यांना पद्धत आवडली. अहो, रोल नंबर टाकून सरांना कोण सांगेल की आवडली नाही? आवडीनिवडीपेक्षा मुलांनी प्रत्यक्ष केलेलं काहीतरी दाखवा: किती ओळी चुकीच्या जागी लागल्या, कुठली ओळ सगळ्यात जास्त वेळा चुकली. वरच्या उदाहरणात एखाद्या मुलाचा कागद जरी समोर ठेवला, ज्यात काउंटर वाढवायची ओळ लूपच्या कंसाबाहेर गेली आहे, तरी वाचणारा थांबतो. पोस्टरवर उद्या तोच कागद मोठा करून लावता येतो.

डेटा अजून पूर्ण आला नसेल तर तसं म्हणा आणि कॉन्फरन्सपर्यंत काय हाती असेल ते तारखेसह लिहा. पोस्टरला ते चालतं. नसलेला निकाल 'अपेक्षित सुधारणा' म्हणून लिहिलेला मात्र चालत नाही.

शेवटचा परिच्छेद पोस्टरपुढे थांबणाऱ्या माणसासाठी राखा. त्याला काय विचारणार? 'सूचना मराठीत आणि कोड इंग्रजीत, ही सरमिसळ कुणी वेगळी मोजली आहे का?' असे एक-दोन खरे प्रश्न लिहा. हा परिच्छेद जवळपास कुणीच लिहीत नाही. पोस्टर का मागवलंय याचं उत्तर मात्र त्यातच असतं.

आता भाषेबद्दल थोडं, कारण आपली इंग्रजी परक्या वाचकापुढे भलतीच ठेच खाते. 'एफई', 'एटीकेटी', 'टर्मवर्क', 'इनसेम', 'लॅटरल एंट्री' यातला एकही शब्द पोर्टलंडच्या रिव्ह्यूअरला कळणार नाही. 'बॅच' म्हटलं की आपल्याला वीस जणांचा लॅबचा गट दिसतो, त्याला काय दिसेल ते सांगता येत नाही. 'डिप्लोमा' म्हटलं की अमेरिकेत शाळा संपल्याचं प्रमाणपत्र डोळ्यांपुढे येतं, दहावीनंतरचं तीन वर्षांचं शिक्षण नव्हे. आणि 'पास्ड आउट स्टुडंट्स' लिहिलंत तर तिकडे त्याचा अर्थ 'बेशुद्ध पडलेले विद्यार्थी' असा होतो. प्रत्येक शब्द पहिल्यांदा येईल तिथे साध्या इंग्रजीत उलगडा. वर्ग किती मोठा, मुलांचं वय काय, शाळेत कॉम्प्युटरला हात लावला होता का, हे चार वाक्यांत सांगा. हा संदर्भ म्हणजे जागेची नासाडी असं समजून लोक तो कापतात आणि डिजिटल युग तसंच ठेवतात.

सावध: मसुदा एआयकडून गुळगुळीत करून घेतला असेल तर एसीएमच्या धोरणानुसार एआयला लेखक म्हणून घालता येत नाही आणि मजकूर तयार करायला वापर केला असेल तर तो नमूद करावा लागतो. शिवाय त्याने दिलेला प्रत्येक संदर्भ उघडून बघा. नसलेले पेपर तो बिनदिक्कत देतो.

७. शीर्षक आणि अ‍ॅब्स्ट्रॅक्ट आता लिहा

शीर्षकात काय, कुणाबरोबर आणि कुठे, एवढं यावं. 'ए नॉव्हेल अ‍ॅप्रोच' काढून टाका. अ‍ॅब्स्ट्रॅक्टला शब्दमर्यादा असते. पहिलं वाक्य अडचणीचं, दुसरं-तिसरं तुम्ही काय केलं त्याचं, मग काय दिसलं, मग पोस्टरपुढे काय बोलायचंय.

८. लेखकांची नावं

इथे मला थोडं कडू बोलायला लागणार आहे. एचओडींचं नाव घालायची आपल्याकडे पद्धत पडून गेली आहे, प्राचार्यांचंही. एसीएमच्या नियमात लेखक म्हणजे ज्याने कामात खरा वाटा उचलला आणि मजकुराची जबाबदारी घेतली तो. परवानगी देणाऱ्याचे आभार मानावेत, त्यासाठी वेगळी जागा असते. हे बोलणं सबमिशनच्या आधी उरकून घ्या, कारण नंतर नावं घालायला-काढायला सहसा परवानगी मिळत नाही. प्रत्येक लेखकाचा ऑरकिड क्रमांक, म्हणजे संशोधकाचा ओळख क्रमांक, आत्ताच मागवून ठेवा. तो फुकट मिळतो, पाच मिनिटांचं काम असतं आणि तरीही शेवटच्या दिवशी अडतं त्यावरच.

नावं झाकून पाठवायचं आहे का ते कॉलमध्ये बघा. झाकायचं असेल तर नुसती नावाची ओळ पुसून भागत नाही. मी स्वतः एकदा नाव, कॉलेज, आभार, सगळं काढलं आणि आकृती म्हणून आमच्या मूडलचा, म्हणजे कॉलेजच्या ऑनलाइन वर्गाचा, स्क्रीनशॉट टाकला. वरच्या पट्टीत कॉलेजचा लोगो लख्ख दिसत होता. प्रपोजल न वाचताच परत आलं, आणि चूक शंभर टक्के माझी होती.

तपासा: पीडीएफच्या प्रॉपर्टीजमधलं 'ऑथर', स्क्रीनशॉट, संदर्भांतले 'आमच्या आधीच्या कामात' असे उल्लेख, आणि मजकुरातलं गावाचं नाव.

९. टेम्प्लेट आणि ईझीचेअर

टेम्प्लेट आत्ता उघडा, आधी नाही. लेटेक या मजकूर मांडायच्या प्रणालीसाठीचा एसीएमचा साचा ओव्हरलीफ या वेबसाइटवर तयार मिळतो, वर्डचाही असतो. समासाशी किंवा अक्षराच्या आकाराशी खेळून अर्धं पान वाचवू नका, ते ओळखू येतं. सीसीएस या एसीएमच्या विषयवार वर्गीकरणात 'सोशल अँड प्रोफेशनल टॉपिक्स' खाली 'कॉम्प्युटिंग एज्युकेशन' सापडेल, तिथून मिळणारा तुकडा तसाच चिकटवा.

यातल्या बऱ्याच कॉन्फरन्स प्रपोजल घ्यायला ईझीचेअर ही वेबसाइट वापरतात. तिथला क्रम असा:

१) लेखक म्हणून आत जा आणि ट्रॅक निवडा. पोस्टरचा, पेपरचा नव्हे.
२) लेखकांची माहिती भरा. पीडीएफमध्ये जो क्रम तोच इथे. स्पेलिंगही तेच.
३) शीर्षक आणि अ‍ॅब्स्ट्रॅक्ट साध्या मजकुरात टाका. लेटेकच्या खुणा इथे तशाच उघड्या दिसतात.
४) कीवर्ड्स प्रत्येक ओळीवर एक, किमान तीन.
५) पीडीएफ चढवा, पाठवा, आणि लगेच तीच फाइल तिथून परत उतरवून दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडा. फॉन्ट उडालेत, आकृती गायब आहे, हे तेव्हाच कळतं.

डेडलाइनच्या दोन दिवस आधी एक पूर्ण प्रत चढवून ठेवा. मुदत असेपर्यंत सहसा नवी प्रत टाकता येते. अकरा तारखेच्या संध्याकाळी पाचला कॉलेजचं नेट जातं, हा माझा अनुभव आहे.

सावध: हेच काम त्याच वेळी दुसऱ्या कॉन्फरन्सलाही पाठवू नका. रिव्ह्यूअर मोजकेच असतात, आणि तोच माणूस दोन्हीकडे असू शकतो.

१०. निकाल आल्यावर

स्वीकारलं गेलं तर पहिल्या आठवड्यात तीन कामं. रिव्ह्यूअरांच्या कॉमेंट एका तक्त्यात उतरवून काय बदललं ते लिहा. एसीएमकडून प्रकाशनाच्या हक्कांच्या फॉर्मचा मेल येतो. तो बऱ्याचदा स्पॅममध्ये जातो, म्हणून रोज तिथे डोकावा. फॉर्म भरल्यावर मिळणारा हक्कांचा मजकूर आणि डीओआय, म्हणजे त्या लेखाचा कायमचा ऑनलाइन क्रमांक, अंतिम प्रतीत टाकावा लागतो. आणि कुणीतरी एका लेखकाने नोंदणी करून जायचं आहे, तो कोण ते ठरवा. बाहेरदेशी असेल तर निमंत्रणपत्र त्याच दिवशी मागा. व्हिसाची तारीख मिळायला किती दिवस लागतील याचा भरवसा नसतो, आणि कॉलेजची आर्थिक मंजुरीही त्या पत्राशिवाय टेबलावरून हलत नाही.

नाकारलं गेलं तर कॉमेंट चार दिवसांनी वाचा, त्याच दिवशी नको. 'संदर्भ कळला नाही' असं असेल तर सहाव्या टप्प्यातली चार वाक्यं राहिली होती. 'प्रश्न स्पष्ट नाही' असेल तर चौथ्याकडे परत जा. देशातच पुढची संधी आहे का तेही बघा. एसीएमचीच कॉम्पएड ही कॉन्फरन्स २०२३ च्या डिसेंबरात हैदराबादला झाली होती, कॉम्प्युट तर आपल्याकडेच भरते.

छपाईचं एवढंच सांगतो. बोर्डाचं माप आयोजकांकडून लेखी घ्या, आणि ते इंचात आहे की सेंटिमीटरात, आडवं की उभं, हेही विचारा. अमेरिकेत ४८ बाय ३६ इंच आडवं खूप चालतं, युरोपात ए-झिरो, म्हणजे ८४१ बाय ११८९ मिलिमीटर, बहुधा उभं. कोपऱ्यावरच्या फ्लेक्सवाल्याकडे स्वस्तात होतं, पण फ्लेक्स घडी घातला की रेघा पडतात आणि नळी विमानात हातात धरून न्यावी लागते. कापडावर छापून घ्या, शर्टासारखी घडी घालून बॅगेत जातं. फक्त आधी ए-फोर आकाराचा एक नमुना काढायला सांगा. स्क्रीनवरचा निळा त्याच्या मशीनवर हमखास जांभळा येतो.